शून्य आणि रेघ

परवा रात्री पुन्हा एकदा 'अनडिफाइन्ड'शी गाठ पडली. जावास्क्रिप्टवाल्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की एखाद्या जागी काही ठेवलेलंच नसेल तर ही भाषा बहुतेक वेळा ओरडत नाही. शांतपणे 'अनडिफाइन्ड' म्हणते आणि पुढे जाते. त्यात पाच मिळवा, उत्तर येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नाही. हा नॅन तर स्वतःच्याही बरोबरीचा नसतो! असो.

आमचं शेत खामगाव तालुक्यात, घाटाखाली. बाबा कित्येक वर्षं वहीत पाऊस लिहितात. रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याची मोजायची वेळ तीच. मी पुण्यात बसून त्यांच्या फोनसाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. रोजचा आकडा टाकायचा, बेरीज होते आणि 75 मिलिमीटर झाले की 'पेरा' असं दिसतं. कृषी खातंही सांगतंच, 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका म्हणून.

सुरुवातीला मधेच एक दिवस रिकामा राहिला की बेरीज नॅन व्हायची. मी काय केलं? रिकामं असेल तर शून्य धर, असं एका ओळीत लिहून टाकलं. टेस्टही लिहिली होती बरं का. बेरीज 'डिफाइन्ड' आहे का, एवढंच ती विचारायची. शून्य डिफाइन्डच असतं. नॅनही असतो. 'नल'सुद्धा! म्हणजे ती टेस्ट आधीही हिरवी होती आणि नंतरही हिरवीच. मी खूश.

मागच्या मृगात वादळानं पर्जन्यमापक आडवा केला. लागोपाठ दोन रात्री पाऊस झाला, पण मोजता आला नाही. बाबांनी वहीत दोन रेघा ओढल्या आणि फोनमधले रकाने रिकामे सोडले. प्रोग्रॅमची बेरीज 61 वर अडली. 'थांबा'. आजूबाजूच्यांचं सोयाबीन पेरून झालं आणि बाबा माझ्या भरवशावर थांबून राहिले. एरवी माती मुठीत दाबून ठरवणारा माणूस.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"काहून रे, त्या दोन रात्री पानी आला नाही असं कोनं सांगतलं तुले?"

"बाबा, तुम्ही आकडा टाकला नव्हता, म्हणून शून्य धरलं."

"शून्य म्हंजे पाह्यलं अन् नव्हता. रेघ म्हंजे पाह्यलंच नाही. वहीत पाय ना जरा."

यावर मी काय बोलणार? त्यांनी त्याच दिवशी पेरलं. उगवण बरी झाली, पण ते दोन दिवस अजून मला टोचतात. पाऊस उघडला असता तर?

मग बसून सगळं उसवलं. 'अनडिफाइन्ड'ऐवजी शून्य घालणारा 2020चा तो दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर इथे उपयोगाचा नाही. तो खरं शून्य ओळखतो, पण रिकाम्या जागी शून्य घालायचं पाप तोही करतोच. शिवाय जेसनमध्ये लिहिताना अनडिफाइन्डचा रकाना मुकाट गळून पडतो, आणि जेस्टमधल्या साध्या 'टू-इक्वल'ला त्याचा पत्ताही लागत नाही. कडक तुलना हवी असेल तर 'टू-स्ट्रिक्ट-इक्वल'. म्हणून आता रेघेसाठी मुद्दाम 'नल' लिहितो, तो जेसनमध्ये टिकतो. एखाद्या दिवसाची नोंदच आली नाही तरच अनडिफाइन्ड. दोन्हींच्या टेस्ट वेगळ्या. बेरजेशेजारी 'न मोजलेले दिवस : 2' असंही येतं, आणि तसे दिवस असले तर 'थांबा' न दिसता 'वही बघा' दिसतं.

रेघेच्या टेस्टला नाव दिलंय 'पाह्यलंच नाही'. ऑफिसातल्या एकानं विचारलं, ही कुठली भाषा? 'घाटाखालची' म्हटलं.

बाबा फोन अजून वापरतात. आधी वही लिहून झाल्यावर.