जादूगारांचं गाव कोलन

मी जादूचं साहित्य बनवतो. रंगमंचावर टाळ्या घेणारा जादूगार लोकांना माहीत असतो. त्याच्या हातातली नळी, पेटी किंवा लोटा कोणी घडवला हे कोणी विचारत नाही. आमच्या धंद्याची रीतही तशीच आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात मात्र कोलन नावाचं एक गाव असं आहे, की तिथे जादूगाराइतकाच मान त्याचं साहित्य घडवणाऱ्याला मिळतो. जादूगारामुळे हे गाव नकाशावर आलं, पण टिकलं ते कारखान्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

शिकागो आणि डेट्रॉइट यांच्या मधल्या मक्याच्या मुलखात हे गाव आहे. वस्ती जेमतेम बाराशेची. 1920च्या दशकात हॅरी ब्लॅकस्टोन या त्या काळच्या नामांकित जादूगाराने इथल्या तळ्याकाठी जागा घेतली. तेव्हा थिएटरांत वातानुकूलन नसे, त्यामुळे उन्हाळ्यात खेळ बंद असत. ते महिने त्याची मंडळी कोलनला मुक्काम करायची. पेट्यांना नवा रंग लागायचा, पडदे शिवले जायचे, पुढच्या मोसमाचे प्रयोग बसवले जायचे. 1927 मध्ये पर्सी अ‍ॅबट हा ऑस्ट्रेलियन जादूगार त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला. दोघांनी मिळून जादूच्या साहित्याची कंपनी काढली, पण ती फार काळ चालली नाही आणि दोघांचं बिनसलं. अ‍ॅबटने मात्र गावातल्याच मुलीशी लग्न केलं आणि तो तिथेच राहिला. पुढे ओहायोच्या रेसिल बोर्डनरला भागीदार घेऊन त्याने स्वतःचा कारखाना उभा केला.

1934 मध्ये या कारखान्याने गिऱ्हाइकांना घरी बोलवावं तसं जादूगारांना कोलनला बोलावलं. या, माल बघा, हाताळा, रात्री एकमेकांना खेळ करून दाखवा. हेतू सरळसरळ व्यापाराचा होता आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. त्यातूनच आजचं संमेलन उभं राहिलं. मधे खंड पडला, पण ऑगस्टच्या सुरुवातीला चार दिवस जादूगारांनी कोलनला जमायचं हा शिरस्ता कायम राहिला.

त्या चार दिवसांत गावाचं रूप आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखं होतं. घरोघरी पाहुणे उतरतात, अंगणांत तंबू पडतात. मोठे खेळ गावच्या हायस्कूलमध्ये होतात. त्या शाळेच्या खेळाडूंच्या संघांचं नाव ‘मॅजाय’ आणि चिन्ह टोपीतून बाहेर येणारा ससा. मुख्य रस्त्याच्या पदपथावर जादूगारांच्या नावांचे तारे बसवलेले आहेत. कारखान्याच्या काळ्या भिंतींवर पांढरे सांगाडे रंगवलेले आहेत. आत शिरलं की लाकूड आणि रंग यांचा एकत्र वास येतो. कुठल्याही सुताराच्या शेडमध्ये येतो तसाच, पण इथे मला तो फार आपला वाटला.

रात्रीचे खेळ उत्तम होतात, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. माझा जीव रमला तो दुपारी, विक्रेत्यांच्या टेबलांपाशी. एका टेबलावर मला लोटा दिसला. पाश्चात्त्य जादूत तो याच नावाने ओळखला जातो. जादूगार त्यातलं सगळं पाणी ओततो, लोटा उपडा करून दाखवतो, बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या आयटमकडे वळतो. थोड्या वेळाने तोच लोटा पुन्हा पाणी ओततो. असं खेळभर चालू राहतं. हा आयटम आपल्याकडच्या जादूगारांचा. तिकडच्या कॅटलॉगमध्ये तो ‘वॉटर फ्रॉम इंडिया’ म्हणूनही मिळतो, आणि आपल्या रस्त्यावरच्या खेळातली टोपली ‘हिंदू बास्केट’ या नावाने मिळते.

मी तो लोटा हातात घेतला. लेथवर पत्रा दाबून बनवलेला, गुळगुळीत, हलका. मी पुण्याच्या तांबट आळीतून असे लोटे घडवून घेत आलो आहे. तिथे मठारकाम केलेल्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक खुणा उमटतात आणि प्रकाश त्या खुणांवर विखुरतो. प्रेक्षकांची नजर पृष्ठभागावरच अडते, तिच्यापुढे जात नाही. गुळगुळीत भांड्यावर नेमकं जिथे लक्ष जायला नको, तिथेच एखादी चकाकती रेघ उमटू शकते. याहून जास्त मी सांगणार नाही. टेबलामागच्या म्हाताऱ्या कारागिराला हे मी बोटाने दाखवलं तेव्हा त्याने लोटा खिडकीकडे नेला, उजेडात फिरवला आणि मग उरलेली दुपार आम्ही दोघं बोलत बसलो.

त्याने मला एक झाकण शिकवलं. साधी लाकडी पेटी, दोन बिजागऱ्या. झाकण पडताना आवाज होता कामा नये, पण मुळीच आवाज झाला नाही तर प्रेक्षकाला संशय येतो. म्हणून तो कडेला फेल्टची पट्टी लावतो आणि एका कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी जागा मोकळी ठेवतो. झाकण पडताना तिथे लाकडाला लाकूड लागतं आणि साध्या पेटीचा येतो तेवढाच आवाज येतो. त्याने माझा हात धरून झाकण पुन्हा पुन्हा पाडायला लावलं. आज व्हिडिओवर प्रत्येक आयटमची उकल सापडते, पण ती पाहून ही समज येत नाही. झाकणाचं वजन बोटांना कळावं लागतं. एवढ्यासाठीच जादूगारांनी आणि कारागिरांनी वर्षातून एकदा तरी एका छपराखाली यायला हवं.

गावातल्या लेकसाइड स्मशानभूमीत अनेक जादूगार चिरविश्रांती घेत आहेत. 1965 मध्ये गेलेल्या ब्लॅकस्टोनच्या अस्थीही तिथेच पुरल्या आहेत. कोलनहून जवळच मार्शल गावी जादूचं संग्रहालय आहे. रॉबर्ट आणि एलेन लुंड या दांपत्याने ते 1978 मध्ये उघडलं. रॉबर्ट पेशाने मोटारींवर लिहिणारे पत्रकार होते. नामवंतांबरोबर फारसं नाव न झालेल्या जादूगारांची पोस्टरं, पत्रं, साहित्यही त्यांनी जिवापाड सांभाळलं. मला हे फार थोर वाटतं. आणि ब्लॅकस्टोनच्या खेळातला, हवेत तरंगणारा विजेचा दिवा? तो त्याच्या मुलाने 1985 मध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवला.

महाराष्ट्रात जादूची परंपरा काही कमी नाही. जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांच्यापर्यंत तीन पिढ्यांनी ती चालवली. पण ज्यांच्या पुढच्या पिढीने हा धंदा धरला नाही, त्यांचं काय झालं? शाळाशाळांतून, जत्रांतून, गणपतीच्या मांडवांतून खेळ करणारे किती तरी जादूगार आपण लहानपणी पाहिले. त्यांच्या पेट्या, रंगवलेल्या नळ्या, सिल्कचे रुमाल, प्रयोगांच्या वह्या कुठे आहेत? मी भंगारवाल्याकडून एक पितळी लोटा विकत घेतला आहे. कारागिराने जिवाचं रान करून केलेलं काम होतं ते, आणि ते वजनावर विकलं गेलं होतं.

तुमच्या घरी, माळ्यावर, आजोबांच्या किंवा काकांच्या खोलीत अशी एखादी पेटी असेल तर ती भंगारात देऊ नका. ती कोणाची, कुठल्या गावात खेळ व्हायचे, कोणी बनवून दिली, एवढं एका कागदावर लिहून आतच ठेवा. पेटी उघडत नसेल तर जोर लावू नका. गावातल्या एखाद्या जुन्या जादूगाराला दाखवा.