टोकदार टोप्यांचं गाव

मुलांनो, ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी तुम्ही अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या नॉर्थ स्टेशनवर उभे राहिलात, तर सेलमची गाडी कोणती हे कुणाला विचारावं लागत नाही. ज्या डब्यात काळ्या टोकदार टोप्या चढताना दिसतील, तीच ती गाडी. आणि टोप्या घालणाऱ्या नुसत्या मुलीच नसतात बरं का! कुणाची आई, कुणाची मावशी, एखादी काठी टेकत येणारी आजीसुद्धा. बसल्यावर सगळ्या जणी टोप्या काढून मांडीवर घेतात, नाहीतर शेजारच्याच्या डोळ्यात टोक जायचं. अर्ध्या तासात सेलम येतं.

मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे छोटं बंदर. बोस्टनपासून पंचवीसेक किलोमीटरवर, अगदी समुद्राकाठी. दोनशे वर्षांपूर्वी इथली जहाजं मिरी आणायला सुमात्रापर्यंत जात, आपल्या मुंबईला नि कलकत्त्यालाही येत. पण आज लोक सेलमला येतात ते मिरीसाठी नव्हे, चेटकिणींसाठी! इथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. हायस्कूलच्या संघाचं नावच ‘विचेस’, म्हणजे चेटकिणी. एका चौकात दूरदर्शन मालिकेतल्या चेटकिणीचा पुतळा आहे, तो २००५ साली बसवला. १९८२ पासून तर दर ऑक्टोबरात इथे मोठा उत्सव भरतो. ३१ ऑक्टोबर हा हॅलोवीनचा दिवस. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते.

हॅलोवीन मूळचा आयर्लंडकडचा. सुगी संपून हिवाळा सुरू होताना मेलेल्यांचे आत्मे भटकतात, अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत. पुढे १ नोव्हेंबरचा ख्रिस्ती ‘सर्व संतांचा दिवस’ त्याला जोडला गेला. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत आले आणि त्यांना भोपळा सापडला. भोपळा कोरायला कितीतरी सोपा! आपल्या वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं कबरींवर फुलं वाहायला, मेणबत्त्या लावायला जातात, तो याच पंचांगातला पुढचा दिवस. मात्र तिकडे भुताखेतांची सोंगं नसतात.

सेलमच्या एसेक्स स्ट्रीटवर गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे सोंगं बघायला तीच जागा उत्तम. दुकानात तयार पोशाखाची पिशवी मिळते, पण ती महाग आणि एका संध्याकाळीत उसवणारी. घरी केलेलं सोंग चटकन ओळखू येतं आणि लोक मुद्दाम थांबवून विचारतात, “हे तुम्हीच केलंत का?” मला तर तीच सोंगं जास्त आवडली. एक बाई बुजगावणं होऊन आल्या होत्या. नवऱ्याचा चौकड्यांचा जुना शर्ट, कोपरावर रंगीत ठिगळं, बाह्यांमधून बाहेर डोकावणारं गवत, नाकावर लाल त्रिकोण, ओठांच्या दोन्ही कडांना काजळाने काढलेले टाके. झालं बुजगावणं! शिलाई शून्य.

आणखी दोघीतिघींनी निळा शर्ट घालून बाह्या वर सारल्या होत्या आणि डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल बांधला होता. ही ‘रोझी द रिव्हेटर’. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, तेव्हा विमानं नि जहाजं बांधायच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. पत्रे जोडायला रिव्हेट ठोकणारी रोझी हे त्यांचं लाडकं नाव. जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने १९४३ साली वेस्टिंगहाउस कंपनीसाठी अशा कामगार बाईचं एक चित्र काढलं. त्या वेळी ते दोनेक आठवडेच कारखान्यात लागलं होतं. १९८० नंतर ते पुन्हा सापडलं, गाजलं, आणि त्यातली बाई रोझी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. सोंग म्हणाल तर पाच मिनिटांचं. फक्त दंड वाकवून मूठ दाखवता आली पाहिजे!

पण सगळ्यांत जास्त अर्थातच चेटकिणी. माझी मावसबहीण बोस्टनजवळ राहते. तिने आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपलं सोंग कसं केलं, ते सांगतो. तुमच्या शाळेच्या नाटकालाही उपयोगी पडेल.

आधी टोपी. काळ्या कार्डशीटवर ४० सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ काढायचं. एक कोपरा हाच मध्य धरला की काम सोपं होतं. त्याची वक्र कड भरते जवळजवळ ६३ सेंटिमीटर (भूमितीवाल्यांनी पडताळून पाहावं). मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर असतो साधारण ५६–५७. म्हणजे सुरळी करताना सहा सेंटिमीटर कागद एकावर एक येतो, तिथे डिंक लावायचा. खालच्या कडेला दोन-दोन सेंटिमीटरच्या चिरा देऊन त्या पट्ट्या बाहेर दुमडायच्या. उरलेल्या कागदातून ३६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापायचं, त्याच्या मध्ये १८ चं भोक. सुरळी खालून त्या भोकातून वर काढायची आणि दुमडलेल्या पट्ट्या कडीच्या खालच्या बाजूला चिकटवायच्या. वरून डिंक दिसतच नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून आत दोन बाजूंना केसांच्या चापा अडकवायला छोटे बंद लावायचे. समुद्राकाठचा वारा वाईट! तिच्या टोपीचं टोक जरा वाकडं झालं, तर म्हणाली, “चेटकिणीचं सरळ असतं कधी?”

मग झगा. ताईने कपाटातून संक्रांतीची जुनी काळी सुती साडी काढली. काठ विरलेला, त्यामुळे कापताना जीव खालीवर झाला नाही. अडीच मीटर तुकडा घेतला, वरची कड पाच सेंटिमीटर दुमडून परकराला करतो तसा नेफा केला, त्यात नाडी ओवली आणि चुण्या पाडून गळ्याशी बांधली. पालकांनी दोन गोष्टी बघायच्या. नाडीला ओढताच सुटेल असंच सुरगाठीचं फूल हवं, घट्ट गाठ नको. आणि झगा घोट्याच्या चांगला वर हवा, नायलॉनचा तर नकोच. दारोदारी भोपळ्यात मेणबत्त्या पेटलेल्या असतात, खाली वाकलं की कापड ज्योतीवर जातं. शेवटी एका काठीला वाळक्या काटक्यांची जुडी बांधली, की खराटा तयार.

तोंड हिरवं रंगवायचं की नाही, यावर घरात वाद झाला. हिरवा रंग हे सिनेमाचं देणं. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या रंगीत चित्रपटात मार्गारेट हॅमिल्टन या नटीने दुष्ट चेटकीण केली, तेव्हा तिचा चेहरा हिरवा रंगवला होता. तेव्हापासून अमेरिकेतली चेटकीण हिरवी झाली. आपल्याकडे ‘अलबत्या गलबत्या’ नाटकात दिलीप प्रभावळकरांनी चिंची चेटकीण केली होती, ती आठवा. प्रत्येक देशाची चेटकीण अशी नाटक-सिनेमावाल्यांनीच नटवलेली असते.

सेलमच्या खऱ्या खटल्यांत मात्र ना हिरवं तोंड होतं, ना टोकदार टोपी. तिथे होत्या साध्या गावकरी बायका, आणि काही पुरुषही. १६९२ साली जवळच्या खेड्यातल्या काही मुली अचानक किंचाळू लागल्या, अंग पिळवटू लागल्या, आणि अमकी-तमकी बाई आम्हाला छळते असं सांगू लागल्या. मोठ्यांनी ते खरं मानलं. दीडशेच्या वर माणसांवर आरोप झाले. सारा गुड नावाच्या भिकारणीची मुलगी जेमतेम चार-पाच वर्षांची, तिलाही बेड्या घालून तुरुंगात टाकलं. तिच्या आईला १९ जुलैला फाशी दिली.

पहिली फाशी झाली ब्रिजेट बिशपला, १० जून १६९२ रोजी. तिच्याविरुद्ध लोकांनी काय काय साक्षी दिल्या, ते वाचताना मला ताईचं टेबल आठवत राहिलं. एक जण म्हणाला, तिची आकृती रात्री माझ्या खोलीत आली, अंगात तिची ती लाल चोळी होती. एक रंगारी म्हणाला, ती माझ्याकडे लेसचे तुकडे रंगवायला आणायची, इतके आखूड की कशाच्या उपयोगाचे तेच कळेना. दोन मजुरांनी सांगितलं, ती राहायची त्या घराच्या तळघराची भिंत पाडताना आम्हाला चिंध्यांच्या बाहुल्या सापडल्या, टाचण्या टोचलेल्या. चोळी, लेस, चिंध्या, टाचण्या! त्या काळचे प्युरिटन लोक भारी कडक. साध्या घरातल्या माणसाने रेशमी टोपडं किंवा जरीची लेस घालू नये, असा कायदाच मॅसॅच्युसेट्सने १६५१ मध्ये केला होता. अशा गावात कुणी बाई रंगीत, उठून दिसणारे कपडे घालू लागली, की लोकांच्या नजरेत भरायची.

त्या उन्हाळ्यात एकूण १९ जणांना फाशी झाली, त्यांत १४ बायका. जाइल्स कोरी या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड ठेवून चिरडून मारलं. काही जण तुरुंगातच गेले. अनेकांना वाटतं तसं सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. शेवटच्या फाश्या २२ सप्टेंबरच्या. २९ ऑक्टोबरला गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ते न्यायालयच मोडून टाकलं.

एसेक्स स्ट्रीटच्या गर्दीतून पाच मिनिटं चाललं की जुन्या स्मशानभूमीला लागून एक छोटंसं आवार लागतं. दगडी कुंपणातून वीस दगडी बाकं पुढे आलेली आहेत. प्रत्येकावर एकेक नाव, कसं मारलं ते, आणि तारीख. बाकांवर लोक फुलं आणि चिठ्ठ्या ठेवून जातात. प्रवेशाशी जमिनीवरच्या दगडांत त्या माणसांचेच शब्द कोरले आहेत, आपण निर्दोष आहोत असं सांगणारे. आणि ते शब्द मुद्दाम कुंपणाच्या भिंतीखाली अर्धवट तोडले आहेत. हे स्मारक १९९२ साली झालं, तीनशे वर्षं भरली तेव्हा. आम्ही गेलो तेव्हा आत बरीच माणसं होती, निम्मी टोप्या घातलेली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका लहान मुलीने बाकावरचं नाव वाचून आईला विचारलं, “ही खरीच चेटकीण होती?” आई म्हणाली, “नाही गं. तुझ्या आजीसारखी बाई होती.”

आपल्याला हे फार लांबचं वाटायला नको. सातपुड्यातल्या गावांत अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं ज्या कायद्याची मागणी केली, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला. अमका माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, असं जाहीर करून त्याला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. गुरांचा विषय सेलमलाही होताच. गाय आजारी पडली, डुक्कर दगावलं, तर तेही शेजारणीने केलं म्हणून कोर्टात सांगायचे.

मेलेल्यांवरचा डाग पुसायला मात्र फार वेळ लागला. काहींची नावं १७११ च्या कायद्याने निर्दोष ठरली, त्यांच्या घरच्यांना पैसेही मिळाले. ब्रिजेट बिशप आणि आणखी चौघी राहिल्या. त्यांची नावं साफ करणाऱ्या कायद्यावर सही झाली ती २००१ मध्ये, आणि तीही नेमकी ३१ ऑक्टोबरला! तरीही एक नाव राहिलंच. एलिझाबेथ जॉन्सन. खटल्याच्या वेळी ती बावीस वर्षांची. शिक्षा फाशीची झाली होती, पण गव्हर्नरांनी ती थांबवली, म्हणून ती वाचली. १७४७ मध्ये वारली. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्यासाठी अर्ज करणारं मागे कुणी नव्हतं. अर्ज केला तो तुमच्याच वयाच्या मुलांनी. तिच्या गावची, नॉर्थ अँडोव्हरची, आठवीच्या वर्गातली मुलं नागरिकशास्त्राच्या बाईंबरोबर जुने कागद वाचायला बसली, आमदारांना पत्रं लिहू लागली. एका सिनेटर बाईंनी ते विधेयक मांडलं, आणि जुलै २०२२ मध्ये एलिझाबेथ कायद्याने निर्दोष ठरली. ३२९ वर्षांनी!

सेलमला जाल तेव्हा आणखी एक जागा बघा. स्टेशनपासून दीडेक किलोमीटरवर, एका औषधांच्या दुकानामागे, घरांच्या मध्ये ‘प्रॉक्टर्स लेज’ नावाचा खडकाळ उतार आहे. फाश्या इथेच झाल्या, हे संशोधकांनी २०१६ मध्ये नक्की केलं. २०१७ साली तिथे अर्धगोल दगडी भिंत बांधली, त्यात १९ नावं आहेत आणि मध्ये एक ओकचं झाड. दुकानं नाहीत, खाऊच्या गाड्या नाहीत, त्यामुळे उत्सवातली गर्दी इथवर फारशी येत नाही. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या घरातले एक आजोबा वाळलेली पानं झाडत होते. ताईच्या हातातला खराटा बघून हसले आणि म्हणाले, “आलाच आहात तर थोडी मदत करा.”