ऑइलची पट्टी

सोलापूरच्या हैदराबाद रोडवर, मार्केट यार्डाच्या आसपास ज्यांनी उमेदीची वर्षं ट्रकवर काढली, त्या आमच्या पिढीचा दिवस ऑइलच्या पट्टीने उजाडायचा. क्लीनर पट्टी ओढायचा, फडक्याने पुसायचा, पूर्ण आत घालून पुन्हा बाहेर काढायचा. ड्रायव्हर ती उजेडात धरायचा, थेंबभर ऑइल दोन बोटांत चोळायचा, वास घ्यायचा. डिझेलचा वास आला तर पंप-नोझल बघायचं. ऑइल पांढरट दिसलं तर पाणी शिरलं, हेड गॅस्केट बघायचं. हे सगळं उरकलं की मगच कांदा भरलेली टाटा १२१० बंगळूरच्या वाटेला लागायची.

आता बीएस-६ ट्रकचा ड्रायव्हर चावी फिरवतो, डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, विझतात आणि गाडी निघते. ऑइलचा दाब घसरला तर दिवा सांगतो, सर्व्हिसची तारीख फोन सांगतो. आम्ही आठ-दहा हजार किलोमीटरला चेंबर रिकामा करायचो. आता काही नव्या ट्रकना एकदा भरलेलं ऑइल ऐंशी हजारांवर चालतं.

तेव्हा गाडीचं वय झालं की ती ऑइल खायला लागायची. सायलेन्सरने निळा धूर सोडला की मेस्त्रीचं निदान ठरलेलं : रिंगा गेल्या, लायनर घासलं, नाहीतर व्हॉल्व्ह गाइड ढिले झाले. इंजिन उतरवायला पैसे नसायचे. मग ऑइलच्या दुकानातल्या बाकड्यावर चहासोबत खल चालायचा : २०डब्ल्यू-४० टाकायचं, साधं ४० नंबर, की सरळ ५०? जाड ऑइल झिजलेल्या फटीतून कमी सरकतं, म्हणून कमी जळायचं आणि डबे वाचायचे. पण सकाळी स्टार्टर मारला की तेच ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावायचं, आणि इंजिनाची जास्त झीज नेमकी तेवढ्यात होते. आज वाचवलेला डबा उद्या लायनरच्या बिलात वसूल व्हायचा.

आता डबा वाचला तरी बरंच कळतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा १०० अंशांना मोजलेल्या जाडीचा. १५डब्ल्यू ऑइल उणे वीस अंशांतही इंजिन फिरू देतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात खरी कसोटी दुसऱ्या आकड्याची. चांगल्या प्रतीचं सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० तापल्यावर कमी उडतं, म्हणून जुनी गाडीही त्यावर थोडं कमी खाते. कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर थकल्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० घालून पाहावं. मात्र झिजलेली रिंग कुठलंच ऑइल भरून काढत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं, असं म्हणवत नाही. पिंपातल्या सुट्या ऑइलमध्ये काय मिसळलेलं असेल, याचा भरवसा नसायचा. जळकं ऑइल आम्ही सरळ मातीत ओतलं, आणि निळा धूर रस्त्याकडेच्या पोरांनी हुंगला. आजचं ऑइल त्याहून चांगलं, आजचा धूर त्याहून कमी, आणि आजच्या ड्रायव्हरचे हातही स्वच्छ.

तरी जीव तुटतो तो त्या दोन बोटांसाठी. आज गाडीत बिघाड झाला की लॅपटॉप जोडून कोड वाचतात. तेव्हा बिघाड व्हायच्या आधीच बोटांना कळायचं. त्या बाकड्यावर नवख्या क्लीनरला कुणी शिकवत नसे, पण ऐकता ऐकता तो मेस्त्री व्हायचा. नव्या गाडीने ड्रायव्हरची मेहनत वाचवली, आणि तिच्याबरोबर त्याचं गाडीशी असलेलं बोलणंही थांबलं.

म्हणून ज्यांच्या दारात अजून जुनी गाडी आहे, त्यांना कळकळीचं सांगणं. सपाट जागी, इंजिन गार असताना रोज पट्टी बघा. किती किलोमीटरला किती लिटर घातलं ते वहीत लिहा. आकडा स्थिर असेल तर ऑइल बदलून बघा; वाढतच गेला तर ऑइलच्या डब्यावरचे पैसे रिंगांवर घाला. आणि हे करताना पोराला शेजारी उभं करा.