आधी कागद, मग प्रबंध

धाराशिव

चि. बाळ,


पीएच.डी.साठी मालती जोशी घेतल्यास, हे वाचून आनंद झाला. जन्म औरंगाबादचा, १९३४ सालचा. घर मराठी, शिक्षण इंदूरला, लेखन मुख्यतः हिंदीत आणि थोडं मराठीतही. म्हणजे आपल्या मराठवाड्याचीच लेक. २०१८ साली पद्मश्री मिळाली, १५ मे २०२४ला दिल्लीत त्या गेल्या. एवढा ‘जीवन-परिचय’ कुठल्याही प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात बसतो. पुढे ‘कथांमधील स्त्री’ आणि ‘भाषाशैली’ येणार, हे मी न बघताच सांगते. ती प्रकरणं तू लिहिशीलच. माझं सांगणं एवढंच, की आधी कागद शोध.

कागद म्हणजे काय, तेही सांगते. १९७१ साली ‘धर्मयुग’मध्ये त्यांची कथा आली आणि हिंदी घराघरांत नाव झालं. ‘धर्मयुग’ हे साप्ताहिक निघायचं मुंबईहून, संपादक धर्मवीर भारती. संपादकाने काय कापलं, वाचक बायकांनी पत्रांतून काय कळवलं, साप्ताहिकातली कथा पुस्तकात जाताना कुठे बदलली, हे छापील पुस्तकात सापडत नाही. शिवाय या बाई कथाकथनाला बसल्या की हातात कागद नसे. सगळी कथा मुखोद्गत. काही कथा दूरदर्शनवर गेल्या, गुलजारांच्या ‘किरदार’मध्ये आणि जया बच्चन यांच्या ‘सात फेरे’मध्ये. म्हणून तुला एकाच कथेची चार रूपं मांडता येतील: साप्ताहिकातली, पुस्तकातली, त्यांच्या तोंडची, पडद्यावरची. ध्वनिफीत मिळाली तर तीही हस्तलिखिताच्या तोडीचा पुरावा मान.

कुणी पत्रं दाखवली तर पाकिटं टाकू देऊ नकोस. बायका पत्रावर तारीख घालत नाहीत, ती टपालाच्या शिक्क्यावर मिळते. टाचण्या काढ, गंजून कागद खातात. चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला असेल तो क्रम आधी वहीत टिपून घे. आणि एक कायद्याची गोष्ट: पत्र ज्याला आलं, कागद त्याचा, मजकुरावरचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, मृत्यूनंतर वारसांचा. मालतीबाईंच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क २०८४ अखेरपर्यंत वारसांकडे राहील. पत्रं अख्खी छापायची तर परवानगी घ्यावी लागेल.

तू लिहिलंस, की लेखिका आणि शिक्षिका दोन्ही असलेली कुणी तुलनेला हवी. मग महादेवी वर्मा घे. नवव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालेली ही मुलगी सासरी नांदायला गेलीच नाही. १९३२ साली संस्कृतात एम.ए. झाली आणि अलाहाबादच्या प्रयाग महिला विद्यापीठाची सूत्रं तिने कितीतरी वर्षं सांभाळली. १९८२चं ज्ञानपीठ सगळ्यांना पाठ असतं. पण ‘चाँद’ मासिकातले तिचे स्त्रीप्रश्नांवरचे लेख १९४२ साली ‘शृंखला की कड़ियाँ’ या पुस्तकात आले, ते वाच. मुलींना शिकवणारी बाई त्यात दिसते. अशा बाईचं निम्मं आयुष्य तिच्या घरच्या कपाटात नसतंच. ते संस्थेच्या दप्तरात असतं: हजेरीपट, सभांची इतिवृत्तं, फी माफीचे अर्ज. तिथवर संशोधक सहसा जात नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याचं बघ. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायचे, हे आपण सांगतो. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, छापल्या गेल्या. बायकांचं काय? आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथे वरचं शिक्षण उर्दूतून होतं. हिंदीसाठी प्रचार संस्था होत्या: हैदराबादची हिंदी प्रचार सभा १९३५ची, वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ची. त्यांच्या परीक्षा देऊन कितीतरी बायका पुढे शाळांत हिंदी शिकवू लागल्या. मला हिंदी शिकवणाऱ्या बाई रोज रात्री दोन ओळी लिहायच्या. त्या गेल्या, घर विकलं गेलं, आणि वह्या किलोच्या भावाने रद्दीत गेल्या. त्यांच्यावर प्रबंध कुणी लिहायचा आणि कशाच्या आधारावर?

असे कागद ठेवायला जागा नाही असं नाही. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या संग्रहालयात हिंदी लेखकांची हस्तलिखितं आणि पत्रं जपली आहेत. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून बायकांच्या आठवणी, छायाचित्रं, मुलाखती साठवते. पण तिथपर्यंत कागद पोचवायला घरातलंच कुणीतरी लागतं. घरात ‘आजीची जुनी कागदपत्रं’ म्हटलं की सातबारा आणि बँकेचं पासबुक तेवढं राहतं, बाकीचं दिवाळीच्या साफसफाईत जातं.

तेव्हा असं कर. प्रबंधाचं काम चालू ठेव, पण दर सुट्टीत इथल्या एका निवृत्त हिंदी शिक्षिकेकडे जाऊन बस. तिच्या वह्यांची यादी कर, तिला बोलतं कर आणि ते ध्वनिमुद्रित कर. पत्ते मी देते. साफसफाईच्या आधी ये.

तुझी,
मावशी