क्रम कुठला, तेही लिहा

१९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकांना प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते, मराठी पुस्तकांचीही. इतक्या मोठ्या यादीत शीर्षक शोधायला द्विभाजन शोध, म्हणजे दर वेळी मधली नोंद पाहून यादी निम्मी करत जाणं, उत्तम: दहा लाख नोंदींत साधारण वीस तुलना पुरतात. फक्त यादी क्रमाने लावलेली हवी. पण प्रोग्रॅमिंग लायब्ररीच्या माहितीपत्रकात एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे. यादी वर्णमालेप्रमाणे लावली, फल, फवारा, फळ, आणि शोधणाऱ्या फंक्शनने तुलना युनिकोडप्रमाणे केली, तर ते मधल्या ‘फवारा’वरून ‘फळ’ शोधायला उलट मागे वळतं आणि ‘सापडला नाही’ म्हणून सांगतं. शब्द तर यादीत आहे! चूक झाल्याचा कुठलाही इशारा येत नाही, हे सर्वांत घातक.

फंक्शननेच आधी क्रम तपासावा, असं कोणी म्हणेल. पण त्यासाठी जवळजवळ दहा लाख तुलना लागतील. मग वेग उरला कुठे? सी भाषेच्या मानकात ‘बीसर्च’ या द्विभाजन शोधाच्या फंक्शनची अट नेमकी आहे: शोधताना जे तुलना-फंक्शन वापरायचं, त्याच्यानुसार आधी शोधायच्या नोंदीहून लहान, मग समान, मग मोठ्या नोंदी हव्यात; म्हणजे व्यवहारात यादी त्याच्याच क्रमाने लावलेली हवी. भारतीय भाषांच्या नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येक लायब्ररीने ही अट, आणि ती मोडल्यास उत्तर चुकेल हेही, फंक्शनच्या वर्णनात अगदी सुरुवातीला लिहावं.