साडेनऊचा सूर्यास्त



जूनमध्ये लेकीकडे जर्मनीला गेले, तेव्हा क्वेडलिनबुर्ग पाहिलं. हार्त्स डोंगराजवळचं हे गाव १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन हजारांहून जास्त लाकडी सांगाड्याची घरं! आपल्या जुन्या वाड्यांसारखंच, आधी लाकूड उभं करायचं, मग मधे माती भरायची. बाहेर हिरवी शेतं. हॉटेलात कांदा-बटाटाच, म्हणून खाखरे कामी आले.

सोमाटण्यात चौविहारामुळे मी एकटीच जेवते. मुलं पुण्याहून येईपर्यंत अंधार पडतो. तिथे सूर्य साडेनऊला मावळायचा. पंधरा दिवस आठ वाजता सगळ्यांबरोबर जेवले, नियमही पाळला गेला.

आता रविवारी तरी सगळ्यांनी सातच्या आत एकत्र बसायचं ठरवलंय. तुम्ही कसं जमवता?