डोंगर तोच, उजेड वेगळा

सियागंजात राहणाऱ्याला डोंगर कुठून दिसणार? आमच्या खिडकीतून दिसतात मिरची-धण्याची पोती, हातगाड्या आणि दुकानांवरच्या ताडपत्र्या. तरी बीई करताना मला डोंगरांचे फोटो काढायचं वेड लागलं. नोकरी लागल्यावर कॅमेरा घेतला, ट्रायपॉड घेतला, मनाली आणि लेह गाठलं. पुढे लग्न झालं, रात्री-अपरात्री येणारे ऑफिसचे कॉल सुरू झाले आणि कॅमेरा कपाटात गेला. वेळ नव्हता हे खरं, पण त्याहून जास्त हुरूप नव्हता. फोनवर रोज इतका हिमालय दिसायचा, की त्यात आपली आणखी एक भर कशाला, असं वाटे.

तो हुरूप परत आला बाबांमुळे. बाबांनी सगळी उमर इथल्याच एका पेढीवर हिशेब लिहिण्यात काढली. लहानपणी ते आजोळी अकोल्याला जात ते मीटरगेजच्या गाडीने, महू, पातालपानी, कालाकुंडचा घाट उतरून. याच लाइनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. 1870 च्या दशकात ती घाटातून खाली गेली. 2023 च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी महूच्या पुढची नेहमीची पॅसेंजर बंद झाली. जुन्या घाटाचा चढ 40 ला 1 असा खडा असल्याने नव्या लाइनीसाठी दुसरा मार्ग आखला आहे. हे पेपरात वाचून बाबा म्हणाले, “घाट आता कसा दिसतो रे? माझे गुडघे काही तिथवर नेणार नाहीत. तूच जरा फोटो काढून आण.”

जुलैत पातालपानीला गेलो. धुकं, धबधबा, ओला काळा दगड. फोटो बाबांना दाखवले, तर म्हणाले, “छान आहेत, पण दरी कुठेय?” दरी धुक्यात होती! म्हणून ऑक्टोबरमध्ये परत गेलो. हवा धुऊन निघालेली, लांबचे डोंगर स्वच्छ. मार्चमध्ये गेलो तेव्हा साग उघडा पडला होता आणि पळस पेटला होता. एका माणसासाठी फोटो काढायचे, हे एकदा ठरल्यावर लाइक मोजायची गरजच उरली नाही.

मग जामगेटची सवय लागली. इंदूरहून सुमारे 50 किलोमीटर. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा माळव्याच्या कडेवर उभा आहे आणि खाली निमाड पसरलेला आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे डोंगरांच्या सोंडांवर तिरपा उजेड पडतो आणि एकामागे एक निळे पदर दिसतात. जूनमध्ये तो ईशान्येला, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि तीच दरी सपाट वाटते. अ‍ॅपर्चर एफ 8 ते 11, ट्रायपॉड आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचणं, एवढ्यावर काम होतं. नवी लेन्स मी घेतलेली नाही.

अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स 1916 साली, 14 वर्षांचे असताना पहिल्यांदा योसेमिटी दरीत गेले आणि पुढे आयुष्यभर तिथेच परत परत जात राहिले. डोंगर ओळखीचा व्हायला वेळ लागतो, हे मला आता पटतं. आणि आपला विंध्य तर नात्यातलाच! इथला काळा कातळ आणि सह्याद्रीचा कातळ एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपले पूर्वज दक्षिणेतून इथे आले, तेव्हा पायाखालचा दगड काही बदलला नव्हता.

तुमच्या कपाटातही एखादा कॅमेरा पडला असेल, नाहीतर फोन आहेच. घरापासून तासा-दीड तासावरची एक जागा निवडा आणि वर्षातून चारदा जा. पावसाळ्यात पातालपानीच्या धारेत मात्र उतरू नका, वरून लोंढा अचानक येतो. आणि घरात कोणी त्या वाटेने कधी गेलेलं असेल, तर फोटो आधी त्यांना दाखवा. मार्चच्या फोटोत बाबांनी रुळांच्या एका वळणावर बोट ठेवलं. “इथे गाडी हळू व्हायची, आणि आई डबा उघडायची.” त्या वळणावर मी तीनदा उभा राहिलो होतो. आता चौथ्यांदा जाणार आहे, ते वळण नीट टिपायला.